भराव

आमची चाळ पाडून झाली त्या आठवड्यात मी रोज ऑफिसमधून परतताना भोईवाड्याला उतरत होते. आम्ही भाड्याने सायनला राहायला गेलो होतो, तरी पाय तिकडेच वळायचे. प्लॉटभोवती निळे पत्रे ठोकले होते. गेटच्या बाजूला दोन पत्र्यांमध्ये वीतभर फट होती, तिथून आतलं दिसायचं.

तीन मजले, मजल्यावर अठरा खोल्या, टोकाला सामाईक संडास, मागे नळाची मोरी. एवढं सगळं नऊ दिवसांत गेलं. सागवानी तुळया आणि कठडे आधीच जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने मोजून नेले होते. मग कौलं गेली, खिडक्यांचे गज गेले, उरलेलं राबिट डंपरमधून गेलं. मला वाईट वाटलं, पण वाटेल असं धरून चालले होते तितकं नाही. पावसाळ्यात आमच्या खोलीच्या भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. जिन्याला दोन वर्षं टेकू होते. आईला गुडघ्यांमुळे रात्री संडासापर्यंत जाता यायचं नाही. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर आमच्या घरातून मीच सही केली आणि आजही करेन.

दहाव्या दिवशी पोकलेन आला आणि जमीन खणायला लागला. त्या संध्याकाळी फटीतून जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

खड्ड्याची समोरची कड सरळ कापली गेली होती, वडी पाडताना सुरी फिरावी तशी. मे महिन्यातलं तिरपं ऊन थेट तिच्यावर पडलं होतं. सगळ्यात वर लाल कोब्याचा पातळ पापुद्रा. त्याखाली फुटक्या विटा आणि चुना. मग हातभर जाडीचा काळा, भुसभुशीत पट्टा. ही राख. बाबा सांगायचे की चाळ बांधली तेव्हा जागा खोलगट होती, गिरण्यांच्या बॉयलरची राख गाड्या भरभरून आणून टाकली आणि मग जोतं घेतलं. आम्ही मुलांनी ते ऐकून सोडून दिलं होतं. राखेखाली पिवळसर मुरूम. मुरमाखाली करडी माती, तीत शिंपल्यांचे पांढरे ठिपके आणि मधूनमधून विटकरी रंगाचे कण. तळाला काळा चिखल, ओला, चकाकणारा.

डाव्या बाजूला, जिथे आमची मोरी होती, तिथे हे पट्टे तुटले होते. मुरूम आणि करडी माती एका उभ्या रेषेपाशी येऊन थांबत होती. पुढे आठ-दहा फूट नुसता गडद, मिसळलेला भरणा होता आणि त्याच्या पलीकडे पट्टे पुन्हा सुरू होत होते. दोन्ही कडांना घडीव काळे दगड एकावर एक बसवलेले, चार-पाच तरी ओळी. राखेचा पट्टा मात्र या सगळ्याच्या वरून सलग गेला होता, कुठेही न तुटता.

माझी आजी दर अमावास्येला मोरीच्या कोपऱ्यात नारळ ठेवायची. "हिच्याखाली बावडी आहे, तिच्यातल्या बाईचा मान असतो," म्हणायची. आजी या चाळीत लग्न होऊन आली, तिने बावडी पाहिलेली नव्हती. तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला. विहिरींमध्ये डास वाढतात हे त्यातून पुढे आलं आणि नंतरच्या काळात शहरातल्या कितीतरी विहिरी झाकल्या गेल्या, बुजवल्या गेल्या. विहिरीत देवतेचा वास असतो म्हणून लोकांनी तेव्हा विरोधही केला होता. आजीचा नारळ त्या विरोधाचाच उरलेला धागा असेल, असं मला त्या फटीपाशी उभी असताना वाटलं. राख वरून सलग गेली होती, म्हणजे चाळ उभी राहण्याआधीच बावडी बुजलेली होती. मुरूम तिच्यासाठी कापलेला होता, म्हणजे मुरूम पडल्यानंतर ती खणली गेली. हे दोन्ही मला मातीने सांगितलं, पाच मिनिटांत, कुठलंही पुस्तक न उघडता.

मी मोबाइलवर फोटो काढले. तीन धड आले. एकात पोकलेनची बादली आली आहे, ती पुढे कामी आली.

गेटवर सुपरवायझर होता. तो माझ्याशी नीटच बोलला. "मॅडम, विहीर वगैरे काही नाही, जुनी टाकी असेल. आत नका येऊ, काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येते." मी दुसऱ्या दिवशी एक दिवसाची परवानगी मागणारं पत्र त्यांच्या ऑफिसात दिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी बावडीच्या जागेवर पाइलिंगचं मशीन उभं होतं.

त्या दिवशी परतताना गेटसमोर डंपरमधून सांडलेल्या मातीत मला एक खापर मिळालं. तळहाताएवढं, बाहेरून तांबूस, आतून काळपट, एका कडेला शिंपल्याचा चुरा चिकटलेला. घरी आणून नळाखाली धरलं. आतल्या बाजूला बारीक समांतर रेषा होत्या आणि एका ठिकाणी उथळ खोलगा. त्यात माझ्या अनामिकेचं टोक बरोबर बसलं.

माझी एक मैत्रीण मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात पुरातत्त्वाचा कोर्स केलेली आहे. या विभागाने साठये कॉलेजच्या लोकांबरोबर २०१५ च्या सुमारास साष्टीचं, म्हणजे मुंबईची उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याचं, सर्वेक्षण सुरू केलं. शनिवार-रविवार गावठाणं, देवळांची आवारं, तलावांचे काठ पायी फिरून वीरगळ, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारे दगड), मूर्ती, जुने चिरे यांच्या नोंदी केल्या. उन्हातान्हात केलेलं, नेटाचं काम. तिच्या टेबलावर मी खापर ठेवलं. तिने पहिला प्रश्न विचारला:

"कुठल्या थरातलं?"

"डंपरमधून पडलं."

ती जरा वेळ गप्प बसली. मग खापर उलटं धरून म्हणाली, "चाकावरचं आहे. हे बघ, कुंभाराचं बोट. काठाचा तुकडा असता तर भांड्याच्या घाटावरून काळाचा थोडा तरी अंदाज आला असता. थर माहीत असता तर बिनकाठाचंही चाललं असतं. आता कसं सांगू?"

खापर दोनशे वर्षांचं असू शकतं, आठशेचंही. ते राखेत सापडलं असतं तर एक गोष्ट होती, करड्या मातीत शिंपल्यांबरोबर सापडलं असतं तर दुसरी आणि बावडीच्या तळाशी सापडलं असतं तर तिसरीच. पोकलेनच्या एका फेरीत या तिन्ही गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या.

परळला हे नवीन नाही. आमच्या जुन्या घरापासून चालत जाता येईल अशा बारादेवीच्या देवळात एक अजस्र शिल्प आहे, परळचा शिव. उंची ११-१२ फूट. मध्ये उभा शिव, त्याच्या देहातून वर निघालेला दुसरा, त्याच्यातून तिसरा आणि दोन्ही बाजूंना झेपावणारे आणखी चार. खाली वाद्यं घेतलेले गण. अभ्यासक ते पाचव्या-सहाव्या शतकातलं मानतात. लहानपणी आम्ही तिथे जायचो तेव्हा मला त्या आकृत्या दगडातून वर येताहेत असं वाटायचं, पाण्यातून माणूस डोकं वर काढतो तशा. शिल्पाचं काम पुरं झालेलं नाही, काही ठिकाणी दगड तसाच राहिला आहे.

हे शिल्प १९३१ साली परळ-शिवडी रस्त्याचं काम चाललं असताना खणताना सापडलं. गावकऱ्यांनी ते आपल्या देवळात नेलं, त्याची प्रतिकृती वस्तुसंग्रहालयात आली, पुढे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने त्याला संरक्षण दिलं. दगड वाचला, ही मोठीच गोष्ट. पण तो जमिनीत कसा पडला होता, उभा की आडवा, आजूबाजूला पाया होता का, छिन्नीने उडालेल्या कपच्या होत्या का, विटा होत्या का, कौलं होती का? कपच्या मिळाल्या असत्या तर शिल्प तिथेच घडवलं जात होतं हे कळलं असतं. पाया मिळाला असता तर देऊळ कळलं असतं. हे शिल्प अर्धं का राहिलं, या प्रश्नाचं उत्तर त्या खड्ड्यात असण्याची शक्यता होती. आपल्याकडे देव आहे, त्याची जागा नाही. शिलाहार राजा अपरादित्याचा १२ व्या शतकातला संस्कृत शिलालेखही परळ भागातलाच, शेवटी दान मोडणाऱ्याला मराठीत गाढवाची शिवी देणारा. म्हणजे या परिसरात दान देण्याजोगी जमीन होती, ती कसणारे हात होते, गावं होती. पुढे जेझुइट या ख्रिस्ती पंथाचा मठ आला, त्याच वास्तूत गव्हर्नरांचं निवासस्थान झालं आणि १८९९ साली तिथेच हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. एवढं सगळं दोन-चार चौरस किलोमीटरांत. आणि परळच्या जमिनीखाली काय आहे हे आपण कधी ठरवून पाहिलेलं नाही. जे मिळालं ते रस्ता खणताना, पाया खणताना.

ठरवून पाहिलं की काय होतं, याचं उदाहरण दूर नाही. नालासोपाऱ्याला बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखलं जाणारं मातीचं टेकाड होतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकललं. भगवानलाल मूळचे जुनागढचे, डॉ. भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली मुंबईत तयार झालेले. तो स्तूप निघाला आणि त्याच्या गाभ्यात दगडी पेटी सापडली. पेटीत मधोमध तांब्याचा करंडक, भोवती ब्राँझच्या आठ छोट्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपलेले. भगवानलालांनी हे कुठे, कशाच्या आत, कोणत्या क्रमाने होतं ते लिहून ठेवलं. आज एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातल्या त्या करंडकांविषयी आपण बोलू शकतो, वाद घालू शकतो, ते त्या नोंदींमुळे. एरवी आतली खापरं माझ्या खापरासारखीच मुकी राहिली असती.

मराठीत गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, हाडं, चुना, पिढ्यान् पिढ्यांचं सांडलेलं-लवंडलेलं मातीत मुरून ती पांढरी होते. दख्खनमध्ये उत्खनन करणारे लोक म्हणूनच पांढरीची टेकाडं शोधत फिरले आणि शेतकरी ती माती खत म्हणून गाड्यांनी शेतात नेत असल्याने कितीतरी टेकाडं त्यांच्या पोचण्याआधीच संपली. मुंबईला पांढर आहे हे आपल्या मनातच येत नाही. हे शहर इंग्रजांनी समुद्रात भर घालून उभं केलं, त्याआधी ताडमाड आणि कोळीवाडे, एवढंच आपण शाळेत शिकतो. कांदिवलीला १९३० च्या दशकात टॉड नावाच्या अधिकाऱ्याला अश्मयुगीन हत्यारं सापडली होती. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडांचे बुंधे मिळाले होते, मुळांसकट उभे, समुद्राखाली गेलेल्या रानातले. अलीकडे २०१८ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत डांबराखाली ट्रामचे रूळ निघाले. बाबांनी ३१ मार्च १९६४ ची शेवटची ट्राम पाहिलेली, ते दुसऱ्याच दिवशी रूळ बघायला गेले आणि बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले. ट्राम बंद होऊन ५४ वर्षं झाली होती आणि रूळ वीतभर खाली होते.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक नव्या इमारतीआधी जमिनीत बोअर घेतात, सॉईल टेस्टिंगसाठी. तीन बांबूंच्या घोडीसारखा ट्रायपॉड उभा करतात, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते लिहितात. खाली खडक लागला की त्याचे गोल दांडे काढून खोक्यात खोलीवार मांडून ठेवतात. काम काटेकोर असतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीकडे त्या रिपोर्टची प्रत होती. मी ती मागून घेतली. पाच बोअर, पाच तक्ते. खडकाचं वर्णन वाचण्यासारखं आहे: रंग, भेगा, कुजण्याचं प्रमाण, दर दीड मीटरला शेरा. चिखलाचंही आहे. आणि पाचही तक्त्यांत पहिल्या ओळीत, शून्यापासून तीन-सव्वातीन मीटरपर्यंत, एकच शब्द. भराव.

माझी राख, मुरूम, शिंपले, खापर, आजीची बावडी, सगळं त्या एका शब्दात. इंजिनीअरची यात चूक नाही. त्याला इमारतीचं ओझं कशावर टेकवायचं हे बघायचं असतं आणि भरावावर काही टेकवता येत नाही. पण माणसाने या जागेवर केलेलं सगळं त्या तीन मीटरांत होतं आणि ते वाचायला त्या जागेवर कोणीही नव्हतं.

नियम आहेत. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, पुढचे २०० मीटर परवानगीने. ते अंतर जमिनीवरून मोजतात, जमिनीखाली काय आहे यावरून ठरवत नाहीत. त्या वर्तुळातल्या लोकांचे वर्षानुवर्षं हाल होतात. आमची चाळ वर्तुळाबाहेर पडली, तेव्हा पेढे वाटले होते. मुंबईने १९९५ साली वारसा इमारतींची नियमावली केली, देशातलं पहिलं शहर. ती कमानी, सज्जे, दर्शनी भाग सांभाळते. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला तर कलेक्टरला कळवा म्हणणारा. माझ्या खापराची किंमत दहा रुपये कोणी देणार नाही. लंडनमध्ये १९८९ साली एका ऑफिस इमारतीच्या कामात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचा पाया उघडा पडला. लोक रस्त्यावर उतरले आणि पुढच्याच वर्षी सरकारने बांधकाम परवानगीच्या वेळीच जमिनीचा विचार करायची मार्गदर्शक सूचना काढली, बहुतेक खर्च बांधणाऱ्याने करायचा. तिथे इमारती थांबल्या नाहीत.

इमारती थांबाव्यात असं मलाही वाटत नाही. ज्यांच्या डोक्यावर प्लास्टर पडतं त्यांना इतिहासासाठी थांबा असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. पण चाळ पडल्यापासून पाइलिंग सुरू होईपर्यंत जागा तशी मोकळीच असते, कधी परवान्यासाठी, कधी मशीन मिळत नाही म्हणून. आमच्याकडेही तीन दिवस गेले. या शहरात झाड तोडायला परवानगी लागते, विमानतळापासून उंचीची लागते, अग्निशमन दलाची लागते. त्याच यादीत आणखी एक गोष्ट बसू शकते. बोअर घेतात तिथेच दोन मीटर रुंदीचे दोन-तीन चर, हाताने, कुदळ आणि खुरप्याने, थरामागून थर. सरळ कापलेली कड, शेजारी मोजपट्टी धरून फोटो, प्रत्येक थराला नंबर, त्या थरातली खापरं वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर. शिकलेलं एक माणूस आणि दोन मदतनीस. काही न मिळालं तर तेही लिहायचं. बहुतेक ठिकाणी राबिटच मिळेल. पण परळ, माहीम, वाळकेश्वर, वांद्रे, माझगाव अशा ठिकाणी दहा-वीस वर्षं हे चाललं तर या बेटांचा नकाशा कागदपत्रांच्या मागे कितीतरी शतकं नेता येईल. आणि पुनर्विकास तर आत्ताच चालू आहे, गल्लोगल्ली. खाली दोन मजली पार्किंग खणलं की त्या प्लॉटचा भराव कायमचा गेला, तो पुन्हा कोणाला खणता येणार नाही.

माझ्या तीन फोटोंवरून मैत्रिणीने आणि मी एक कड कागदावर काढली. पोकलेनच्या बादलीची रुंदी कंपनीच्या माहितीपत्रकात मिळाली, त्यावरून राखेची जाडी काढली: सुमारे ४५ सेंटिमीटर. बावडीचं तोंड अडीच मीटरच्या आसपास. दगडांच्या दिसतात त्या पाच ओळी. त्या कागदाच्या कोपऱ्यात मी आजीचं नाव लिहिलं आणि "तोंडी माहिती" असं लिहिलं. बोअरच्या तक्त्याची झेरॉक्स शेजारी चिकटवली. खापर एका खोक्यात ठेवलंय, आत चिठ्ठी: भोईवाडा, परळ, डंपरमधून, थर अज्ञात.

आमच्या मागची चाळही आता रिकामी होते आहे. अर्ध्या बिऱ्हाडांचं सामान गेलं, मधल्या जिन्यावर गंजलेली कपाटं उभी आहेत. परवा मी तिथल्या सेक्रेटरी नानांकडे गेले. ते बाबांच्या वर्गातले. मी कागद पुढे ठेवला, राखेचा पट्टा दाखवला, बावडी दाखवली. नानांनी चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचं बोट बावडीच्या उजवीकडून आमच्या कुंपणाच्या दिशेने सरकलं.

"आमच्या बाजूला पिंपळ होता ना, त्याला पार होता. पारात एक उभा दगड होता, वर चंद्र-सूर्य कोरलेले. आई शेंदूर लावायची. मोरी वाढवली तेव्हा तो पालथा घालून लादीखाली गेला. मी तेव्हा चौथीत असेन."

"कुठे, दाखवाल?"

आम्ही खाली उतरलो. मोरीत पाणी साचलं होतं. नानांनी पायजमा वर धरून कोपऱ्यातली तिसरी लादी चपलेने ठोकली.

"सॉईल टेस्टिंगवाले शनिवारी सकाळी येणार आहेत," ते म्हणाले. "माणसं आणि पहार त्यांच्याकडे असतेच. बिल्डरच्या माणसाशी मी बोलतो, दोन तास तरी देईल. तू तुझ्या मैत्रिणीला घेऊन आठला ये."

मोजपट्टी, पिशव्या आणि मार्कर मी आजच आणून ठेवले आहेत.